धाकट्याला दार नाही

चवथ तोंडावर आली की फोंड्यातल्या छापखान्यांना जेवायलाही फुरसत नसते. भजनी मंडळांची पत्रके, सार्वजनिक गणपतीची पावतीपुस्तके, नाटकांच्या जाहिराती, सगळे कालच हवे असते. अशाच गडबडीत एका प्रेसवाल्या काकांचा फोन आला. "दोन्ही कॉम्प्युटर रडकुंडीला आणतायत. रॅम वाढवून दे. दोन्ही एकाच साली घेतलेत, एकाच जातीचे."

जात एकच होती खरी. दोन्ही 2017 चे आयमॅक, म्हणजे स्क्रीनच्या पाठीतच सगळा कॉम्प्युटर असलेली ॲपलची मशीन. एक 27 इंची, दुसरा साडेएकवीस. रॅम म्हणजे चालू काम धरून ठेवणारी त्यांची मेमरी. शेजारी शेजारी ठेवले तर सख्खे भाऊ वाटावेत.

थोरला चादरीवर पालथा घातला. वायर काढली की सॉकेटच्या खोबणीत एक छोटे बटण दिसते. ते आत दाबले आणि पाठीवरचे झाकण टक्कन सुटले. आत चार खाचे, दोनांत 4 जीबीच्या पट्ट्या, दोन मोकळे. मोकळ्यांत 8-8 च्या डीडीआर4 जातीच्या पट्ट्या बसवल्या, 24 जीबी झाले. सांगितलेला चहा अजून यायचा होता.

"आता धाकटा घाल पालथा," काका म्हणाले.

"काका, याला दार नाही."

त्यांनी स्वतः पाठीवरून हात फिरवून पाहिला. याच्यात रॅमचे दोन खाचे असतात, पण मदरबोर्डच्या मागे. तिथे पोचायचे तर आधी स्क्रीनच्या कडेची चिकटपट्टी छोट्या चाकाच्या हत्याराने कापायची, स्क्रीन उचलून तिच्या केबली सोडवायच्या, मग बोर्ड बाहेर काढायचा. परत बसवताना नवी चिकटपट्टी. शिवाय वीजपुरवठ्याचा बोर्ड आत उघडाच असतो. वायर काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये वीज राहते, त्याला हात लावायचा नाही. मजुरी ऐकल्यावर काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "तिथे चहाच्या आधी काम, आणि इथे दिवसभर? विकणारा तर म्हणाला होता, रॅम काय, कधीही वाढवता येते."

विकणारा अर्धे खरे बोलला होता. कंपनीच्या माहितीपत्रकात मेमरीची ओळ दोन्ही मॉडेलांना वेगळी आहे, पण घेताना सगळे स्क्रीनचा आकार आणि किंमत बघतात.

चवथीच्या तोंडावर स्क्रीन कापायला माझे मन घेईना. तडा गेला तर दुसरी मिळेपर्यंत विसर्जन होऊन जायचे. म्हणून कंपोझिंग करणाऱ्या ताईंना म्हटले, तुम्ही रोजचे काम करा, मी नुसता बघतो. मशीनवर कशाचा किती ताण आहे ते दाखवणारा ॲक्टिव्हिटी मॉनिटर उघडून ठेवला. मेमरीचा आलेख हिरवाच. म्हणजे रॅम पुरत होती! प्रोग्राम उघडताना मात्र ताई बोटे मोडत बसायच्या. आत मिनिटाला 5400 फेऱ्यांची जुन्या धाटणीची हार्ड डिस्क होती. दुखणे तिथे होते, आणि रॅम कितीही ओतली तरी ते जाणार नव्हते.

या मॉडेलला मागे थंडरबोल्ट 3 नावाचे दोन वेगवान पोर्ट आहेत. त्यातल्या एकात बाहेरची एसएसडी, म्हणजे फिरत्या चकतीऐवजी चिपवर साठवणारी वेगवान डिस्क लावली, सगळा डेटा तिच्यावर उतरवला आणि मशीन तिच्यावरूनच सुरू होईल असे केले. नकल उतरेपर्यंत दुपार गेली, तेवढ्यात भाजीपाव झाला. संध्याकाळी ताईंनी प्रोग्राम उघडला आणि म्हणाल्या, "अहो, उघडला पण!" एसएसडी स्टँडच्या मागे दुहेरी टेपने चिकटवली, आणि झाडू मारणाऱ्या पोराला बजावले की ही वायर ओढायची नाही, ओढलीस तर मशीन जागच्या जागी थिजेल.

जाताना काकांनी नव्या 24 इंची आयमॅकबद्दल विचारले. त्यात मेमरी चिपसोबतच येते, नंतर वाढवायचा प्रश्नच नाही. 2024 च्या एम4 चिपवाल्या मॉडेलची सुरुवात 16 जीबीपासून आहे, पण मोठी फ्लेक्सची कामे करायची तर घेतानाच 24 घ्या, म्हटले. आणि छपाईच्या प्लेटा काढणाऱ्या मशीनला नेटवर्कची केबल लागते, तिचे सॉकेट आता कॉम्प्युटरला नसून चार्जरच्या ठोकळ्यावर असते, सगळ्यांत स्वस्त मॉडेलला तेही वेगळे पैसे देऊन घ्यावे लागते.

काकांनी तिथल्या तिथे दुकानात फोन लावला आणि पहिलाच प्रश्न केला, "ठोकळ्याला केबलचे भोक आहे काय?"