तुम्ही विचारलंत म्हणून: हिशेब तर आता सॉफ्टवेअरच करतं ना?

हायस्कूलमधल्या मुलांशी अकाउंटिंगबद्दल बोलायला मी अधूनमधून जाते. कार्यक्रम संपला की कोणी ना कोणी पालक किंवा शिक्षक विचारतातच, "हिशेब तर आता सॉफ्टवेअर करतं. मग मुलांना या वाटेला कशाला लावता?" प्रश्न काळजीपोटी आलेला असतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

बेरजा यंत्राकडे गेल्या ते चांगलंच झालं. नोंदी खतावणं (प्रत्येक नोंद तिच्या खात्यात लिहिणं), तेरीज जुळवणं (सगळ्या खात्यांच्या बाकी मांडून दोन्ही बाजू ताडून पाहणं) यात माणसांचे दिवसच्या दिवस जायचे. पण या कामातला अवघड भाग तो नव्हताच. कोणता आकडा कुठे लिहायचा, कधी लिहायचा, आणि मुळात तो आकडा खरा आहे का, हे ठरवणं अवघड.

मुलांना मी एक प्रश्न घालते. एका मासिकाच्या वाचकाने वर्षाची वर्गणी, १२००, आज एकदम भरली. मासिकाने आज किती कमावले? बहुतेक जण १२०० म्हणतात. मग मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणतं, "पण अंक तर अजून एकही दिला नाही!" तिथून वर्गाला रंग चढतो. पैसे हातात आले, तरी ती कमाई नाही, ते मासिकाने वाचकाला द्यायचं देणं आहे. दर महिन्याचा अंक पोचला की त्यातले १०० उत्पन्नात धरायचे. मुलं वाद घालतात, उलटे दाखले देतात. अंक छापला पण टपालात हरवला तर? मोठमोठ्या कंपन्यांच्या ऑडिटमध्येही, म्हणजे हिशेबतपासणीतही, याच प्रश्नावर तासन् तास चर्चा होते, हे सांगितलं की त्यांना आपण पोरखेळ करत नव्हतो हे कळतं.

दुहेरी नोंदीची पद्धत इटलीतले व्यापारी फार पूर्वीपासून वापरत होते. लुका पाचोली या गणितज्ञ धर्मगुरूने ती १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात नीट मांडली. प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी लिहायचा, एकीकडे नावे (डेबिट), दुसरीकडे जमा (क्रेडिट), आणि दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत. पाच शतकं उलटली तरी आजचं सॉफ्टवेअर त्याच पायावर उभं आहे. या पद्धतीत बऱ्याच चुका उघड्या पडतात. खोटेपणा मात्र तिला आपोआप दिसत नाही.

वर्ल्डकॉम या अमेरिकन दूरसंचार कंपनीचं प्रकरण मी मुलांना सांगते ते यासाठीच. दुसऱ्या कंपन्यांच्या लाइन्स वापरण्याचं भाडं हा त्या त्या वर्षाचा खर्च. तो त्यांनी मालमत्ता म्हणून दाखवला, त्यामुळे त्या वर्षाचा खर्च कमी दिसला आणि नफा फुगला. दोन्ही बाजू जुळतच होत्या! २००२ साली अंतर्गत ऑडिटच्या प्रमुख सिंथिया कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा घोळ शोधून काढला. कुणाच्या नजरेत येऊ नये म्हणून ते रात्रीही काम करत होते. ऑडिट पुढे ढकला, असं वरिष्ठांनी सांगूनही कूपर थांबल्या नाहीत. त्या जूनमध्ये कंपनीने ३८० कोटी डॉलरची गडबड जाहीर केली. पुढे हा आकडा बराच वाढला, आणि माजी मुख्य कार्यकारी अधिकारी बर्नार्ड एबर्स यांना २००५ मध्ये २५ वर्षांची शिक्षा झाली.

विचित्र दिसणारी नोंद आज यंत्र पटकन पुढे आणून ठेवतं, आणि ते मला हवंच आहे. पण समोर बसून "हे असं का?" विचारणं, मिळालेलं उत्तर पटत नसेल तर तसं लेखी मांडणं आणि त्याखाली सही करणं हे माणसाचंच काम आहे. त्या सहीवर भरवसा ठेवून बँक कर्ज देते आणि अनोळखी लोक आयुष्यभराची पुंजी गुंतवतात.

म्हणून गणितात पहिला येणाराच विद्यार्थी मी शोधत नाही. शेकडेवारी, गुणोत्तर, साधं बीजगणित पक्कं असलं की पुरतं. त्याहून चौकस स्वभाव लागतो, आणि स्पष्ट लिहिता यावं लागतं. भाषा चांगली असलेल्या मुलांना तर मी आवर्जून सांगते, कारण किचकट गोष्ट चार सरळ वाक्यांत मांडणारा ऑडिटर सगळ्यांना हवा असतो. कर, कॉस्टिंग (वस्तू बनवायला किती खर्च येतो याचा हिशेब), आर्थिक गुन्ह्यांचा तपास, स्वयंसेवी संस्थांचे हिशेब, शाखा पुष्कळ आहेत. त्या नंतर निवडता येतात.

कष्टही लपवत नाही. परीक्षा कठीण असतात. सुरुवातीची वर्षं व्हाउचर (खर्चाच्या पावत्या) तपासण्यात आणि गोदामातला माल मोजण्यात जातात, वर्षअखेरीला घरी जायला उशीर होतो. ज्याला हे नको वाटेल त्याने खुशाल दुसरीकडे जावं.

पण हे ठरवण्याआधी त्यांना काम दिसायला तरी हवं. डॉक्टर, शिक्षक, पोलीस यांना मुलं लहानपणापासून काम करताना पाहतात. अकाउंटंटला कोणी पाहिलेलं नसतं, मग ते व्हावंसं वाटणार कसं? स्नेहसंमेलनाचा जमाखर्च एकदा मुलांच्याच हाती द्या, पावत्यांसकट. आणि त्यांच्या आवडत्या कंपनीचा वार्षिक अहवाल उघडून द्या. चित्रं आणि अध्यक्षांचं निवेदन ओलांडून थेट ताळेबंदाखालच्या (मालमत्ता आणि देणी यांच्या तक्त्याखालच्या) टिपांपर्यंत जायला सांगा. विक्री कधी झाली असं ही कंपनी मानते? यंत्रं किती वर्षं टिकतील असं धरून घसारा (त्यांच्या किमतीत दरवर्षी धरायची घट) लावते? कोर्टात कोणते दावे अडकलेत? यातल्या एका जरी उत्तरावर त्यांनी तुमच्याशी वाद घातला, तर मला कळवा. त्या मुलांशी बोलायला मी पुन्हा येईन.