तुम्ही विचारलंत म्हणून: डब्यातलं झुरळ

चाळीसगाव असो की शहादा, माझं भाषण संपलं की कोणीतरी हा प्रश्न टाकतंच: "सर, ते गुहेतलं झुरळ आता आहे का गेलं, एकदाच काय ते सांगा."

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आहे. भरपूर आहे. फक्त डब्यांत आहे.

हे झुरळ आपल्या मोरीतलं नव्हे. त्याचं नाव सिमान्डोआ कॉन्सरफेरियम. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशात सिमांदू नावाची लोहखनिजाने भरलेली डोंगररांग आहे. तिथल्या एका गुहेत ते सापडलं आणि २००४ साली लुईस रॉथ आणि पिओत्र नास्क्रेत्स्की या दोघांनी त्याचं शास्त्रीय वर्णन छापलं. नुसती जात (स्पीशीज) नवी नव्हती, तिच्या वरचा गट म्हणजे प्रजातीसुद्धा (जीनस) नवी निघाली. पुढे खाणकामात ती गुहाच गेली. दुसऱ्या कुठल्या गुहेत हे झुरळ आजवर मिळालेलं नाही. मात्र शोधणाऱ्यांनी काही झुरळं जिवंत आणली होती. त्यांची पिलावळ आज युरोप-अमेरिकेत किडे पाळणाऱ्या हौशी लोकांकडे डब्यांत वाढते आहे. काळसर पंख, त्यांना फिकट किनार. झुरळ म्हणून नाक मुरडायच्या आधी फोटो बघा, देखणं आहे. ऊब, ओलावा, पालापाचोळा आणि फळांच्या फोडी मिळाल्या की त्याची तक्रार नसते. केळंही खातं, असं केळीच्या बागांच्या रावेर-यावलकडे सांगितलं की सभागृहात हमखास हशा पिकतो. भाव पडलेल्या हंगामात कोणतंही गिऱ्हाईक चालेल म्हणतात.

पाळायला सोपं असण्याचं एक कारण त्याच्या कुळात आहे. या कुळातल्या बहुतेक माद्या अंड्यांची पिशवी बाहेर टाकून निघून जात नाहीत. ती परत पोटातल्या कप्प्यात ओढून घेतात आणि पिल्लं आतच अंड्यातून निघून चालतीबोलती बाहेर पडतात. मादागास्करचं फुसफुसणारं झुरळ याच घराण्यातलं.

मग लोक म्हणतात, वाढतंय ना, झालं तर! एका आजोबांनी अहिराणीत सुनावलं होतं, "झुरळ शे ते, मरी गयं तर काय व्हई?" मला तो प्रश्न आवडतो, कारण तो सरळ आहे. झुरळांच्या साडेचार हजारांहून जास्त जाती ठाऊक आहेत आणि माणसाच्या घरात शिरून उच्छाद मांडणाऱ्या जेमतेम तीसेक. बाकीच्या रानात पडलेलं, कुजलेलं खाऊन त्याची माती करत बसलेल्या असतात. बदनामी त्या तिसांमुळे, आणि शिक्षा सगळ्यांना.

गुहेत हे काम कसं चालतं ते मी मुलांना अजिंठा डोंगरातच दाखवतो. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीकडे सहल गेली की एखाद्या अंधाऱ्या कपारीत नाक दाबून उभं राहायचं. वर वटवाघळांची चिकचिक, खाली लेंड्यांचा थर. किडे खाणाऱ्या वटवाघळाची वाळलेली लेंडी बोटांत चुरा, भुसभुशीत पूड होते आणि त्या पुडीत चकाकणारे कण दिसतात. ते खाल्लेल्या किड्यांच्या पंखांचे तुकडे. फळं खाणाऱ्याची विष्ठा ओली, बियांनी भरलेली. (चुरल्यावर हात धुवा, हे वेगळं सांगायला लागू नये, पण मुलांना लागतं.) बॅटरी तिरपी धरली की थर हलताना दिसतो: अळ्या, माइट म्हणजे कोळ्यांचे बारीक भाऊबंद, बारीक भुंगे, आणि त्यांच्यावर टपलेले कोळी. आत ऊन नाही, म्हणून गवत नाही. बाहेरचं अन्न आत आणणारा मुख्य हमाल म्हणजे वटवाघूळ. सिमांदूच्या त्या गुहेतही झुरळांचा संसार वटवाघळांच्या विष्ठेवरच होता.

म्हणून "वाचलं ना?" या प्रश्नाला मी अर्धाच हो म्हणतो. डब्यातल्या झुरळाला तो थर नाही, वरचं वटवाघूळ नाही, मागे लागणारा शत्रू नाही. पिढ्यामागून पिढ्या त्यांच्यातली निवड आता डबाच करतोय. जे डब्यात टिकतात त्यांचीच पिल्लं पुढे जातात. मूळ आणलेल्यांच्या पलीकडचं नवं रक्त मिळण्याची सोयही नाही. तरीही पाळणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. मोठमोठ्या संस्था वाघ-गेंड्यांमागे असताना या किड्याची जात काही हौशी लोकांनी स्वतःच्या खर्चाने चालू ठेवली. उद्या त्यांची हौस फिटली तर काय, याला मात्र कोणाकडे उत्तर नाही.

आपल्याकडे कोणी म्हणतं, लेण्यांतून वटवाघळं हाकलू नका म्हणजे झालं. इतकं सोपं नाही. अजिंठ्याच्या चित्रांचं वटवाघळांच्या घाणीने नुकसान झालेलं आहे. तिथे त्यांना आत येऊ न देणं मला रास्त वाटतं. पण जिथे ना चित्र ना मूर्ती, अशा कपारीत निव्वळ वास येतो म्हणून धूर करायचा, याला काय म्हणावं?

मुलांचा प्रश्न वेगळाच असतो: सर, ती झुरळं मागवून पाटणादेवीत सोडली तर? नाही बाळांनो. ते अभयारण्य आहे, आणि परदेशातला प्राणी रानात सोडणं म्हणजे तिथल्या किड्यांच्या ताटात हात घालणं. पाहुणा किती पसरतो त्याचा नमुना आपल्याच गटारात आहे. ज्याला आपण अमेरिकन झुरळ म्हणतो, प्राणिशास्त्राच्या कित्येक पिढ्यांनी प्रॅक्टिकलला ट्रेमध्ये टाचण्या लावून ज्याचे मुखावयव काढले, तेही मूळचं आफ्रिकेचंच. जहाजांतून जगभर गेलं आणि जळगावच्या नाल्यांपर्यंत पोचलं. त्याला वाचवायला अजून कोणी डबा आणलेला नाही.