पंचगिरीचा सराव: डेड झालेला चेंडू पुन्हा चालू करताना

चवथ झाली, पाऊस ओसरला, म्हापसा-फोंडा भागातल्या मैदानांवर सराव पुन्हा सुरू झालाय. या फेरीत विषय एकच: बेसबॉलमध्ये डेड (खेळाबाहेर) झालेला चेंडू पुन्हा लाइव्ह (खेळात) कधी होतो.

नवे पंच बहुतेक क्रिकेटमधून आलेले. तिथे बोलरने रन-अप सुरू केला की चेंडू आपसूक खेळात येतो, पंचाने दर वेळी काही बोलायची गरज नसते. तीच सवय इथे नडते. बेसबॉलच्या नियम ५.१२ नुसार पिचर (चेंडू टाकणारा) चेंडू घेऊन रबरवर (त्याच्या पायाखालच्या पट्टीवर) यायला हवा आणि प्लेट अंपायरने (होम प्लेटमागे उभ्या पंचाने) ‘प्ले’ म्हणायला हवे. दोन्हींपैकी एक राहिले तर चेंडू डेडच. ‘टाइम’ (खेळ थांबवायची हाक) बेस अंपायरही देऊ शकतो. ‘प्ले’ फक्त प्लेटमागच्याने द्यायचा.

हाक देण्याआधी नजर अशी फिरवायची: रनर आपापल्या बेसला टेकले का (न झेललेल्या फाउलनंतर, म्हणजे रेषेबाहेर मारलेल्या चेंडूनंतर, ही नियमातलीच अट आहे), जोडीदार पंच जागेवर पोचला का, कॅचर-बॅटर तयार का, आणि शेवटी पिचरचा पाय. पाय रबरवर दिसला की बोट पिचरकडे, आवाज खणखणीत.

‘प्ले’ विसरला आणि पिचरने रनरला पिकऑफ केले (बेस सोडून उभ्या रनरला फेकीवर बाद केले), तर तो आउट टिकत नाही. रनर परत बेसवर, आणि फिल्डिंगवाले तुमच्या डोक्यावर. उलट, पिचर रबरमागे चेंडू चोळत असतानाच घाईने हाक दिली, तर रनर सुटतो आणि चेंडू लाइव्ह होता की नाही यावरच वाद पेटतो. आमच्या मते उशीर परवडतो, घाई नाही.

डेड काय आणि काय नाही, इथेही गल्लत होते. बॅटरला पिच लागला तर डेड. चौथा ‘बॉल’ (स्ट्राइक झोनबाहेरचा, न खेळलेला पिच) झाला तरी चेंडू लाइव्हच! झेललेला उंच फाउल आणि बॅटला चाटून कॅचरच्या हातात थेट रुतलेली फाउल टिपसुद्धा लाइव्ह.

आपण खेळतो त्या फुटबॉलच्या मैदानावर कुंपण नसते, म्हणून गटाराची कड आणि स्कूटरींची रांग कुठून डेड धरायची हे सामन्याआधीच दोन्ही कप्तानांना सांगून टाका. फिल्डरचा ओव्हरथ्रो तिकडे गेला की रनरना दोन बेस.

अशा ओव्हरथ्रोवर पुढे जाताना रनरने दुसरा बेस चुकवला आणि बचाव संघाला अपील करायचे (त्या चुकीबद्दल रनर बाद मागायचा) असेल, तर डेड चेंडूवर ते चालत नाही. नवा चेंडू, पिचर रबरवर, ‘प्ले’, मग पिचरने रबरवरून मागे उतरून दुसऱ्या बेसला फेकायचे. ती फेक मैदानाबाहेर गेली तर अपील संपले, त्या रनरवर दुसरी संधी नाही. पुढची फेरी याच क्रमाची, दोन पंचांच्या जोडीने.