होळीच्या आधी अ‍ॅम्बेसेडरची तयारी

होळी पेटली की खानदेशात ऊन चढायला लागतं आणि आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांना टेकतो. जुनी पेट्रोल अ‍ॅम्बेसेडर सांभाळणारे बरेच जण या दिवसांत गाडीवर कव्हर टाकून देतात. हे मला पटत नाही. १४८९ सीसीचं हे इंजिन मॉरिस ऑक्सफर्डकडून आलेलं, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) बी-सिरीज घराण्यातलं. ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचं. मे महिन्यात ते रस्त्यात दगा देतं, त्याचं कारण बहुतेक वेळा फाल्गुनात राहून गेलेल्या कामात असतं.

पहिलं काम पाण्याचं. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. वर्षानुवर्षं तेच ओतलं की रेडिएटरच्या नळ्यांत आणि ब्लॉकमध्ये क्षार बसतात. इंजिन थंड असताना रेडिएटरची खालची तोटी आणि ब्लॉकची तोटी, दोन्ही उघडा. ब्लॉकच्या तोटीतून पाणीच आलं नाही तर तोटी काढून आत तार फिरवा. गाळ मागे, चौथ्या सिलिंडरभोवती साचतो, कारण पाण्याचा पंप पुढच्या टोकाला आहे. तापमानाचा काटा पुढचं तापमान दाखवतो, त्यामुळे मागचा सिलिंडर तापतोय हे त्यावरून कळत नाही.

किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळणारं सायट्रिक अ‍ॅसिड दर लिटर पाण्याला ३० ग्रॅम घ्या. आधी बादलीत विरघळवून मग ओता. इंजिन पूर्ण तापवून वीस-पंचवीस मिनिटं चालू ठेवा, थोडं निवलं की सगळं सोडून द्या. पाणी तांबूस-काळं येईल. साध्या पाण्याने धुऊन पुन्हा एकदा हेच करा. शेवटी चमचाभर धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने उरलेलं आम्ल मारा आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा. फियाट किंवा पद्मिनी असेल तर सोडा वापरू नका. तिचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे आणि सोडा अ‍ॅल्युमिनियम खातो. भरताना डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट घ्या, कूलंटचं प्रमाण तिसरा हिस्सा पुरे. आपल्याकडे पाणी गोठायची भीती नाही. कूलंट गंज रोखायला हवं, आणि अ‍ॅल्युमिनियम हेडच्या गाडीत ते टाळताच येत नाही.

रेडिएटरच्या जाळीत धूळ असतेच. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या रस्त्यांवर फिरलेल्या गाडीत तंतूही अडकतात आणि धुळीबरोबर त्यांचा नमदा होतो. पाणी मागून पुढे, म्हणजे इंजिनाच्या बाजूने ग्रिलकडे मारा, तेही साध्या नळीने. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरने पातळ पाती आडवी होतात.

रेडिएटरची टोपी मूळ जेवढ्या पौंड दाबाची तेवढीच घ्या. दर एका पौंडाला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण दीड अंशाने वाढतो, म्हणून काही जण नव्या गाडीची १३ पौंडांची टोपी लावतात. त्या दाबाला जुन्या रेडिएटरचे डाग दिलेले सांधे सुटतात. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप, काढून फेकायची तर आपल्याकडे रीतच पडली आहे. थर्मोस्टॅट नसेल तर डिसेंबरच्या थंडीत इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि सिलिंडर झिजतात. बी-सिरीज इंजिनांना उष्ण देशांसाठी ७४ अंशांचा थर्मोस्टॅट होता, तोच शोधा. बसवण्याआधी पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटरसह टांगून उघडतो का बघा. तो बुडाला टेकू देऊ नका, आकडा चुकतो. फॅन बेल्ट अंगठ्याने मधोमध दाबल्यावर अर्धा इंच दबावा, जास्त नको.

एवढं करूनही गाडी तापत असेल तर दोष पाण्यात नसून पॉइंटमध्ये, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधल्या स्विचमध्ये, असू शकतो. पॉइंटची टाच कॅमवर घासून झिजते, गॅप कमी होतो आणि ठिणगी उशिरा पडू लागते. उशिरा पेटलेलं पेट्रोल-हवेचं मिश्रण बाहेर जाताना जळत राहतं आणि ती उष्णता हेडला मिळते. म्हणून गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर फिलर गेजने (मापाच्या पातळ पट्टीने) लावा आणि त्यानंतर टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, तपासा. क्रम उलटा केला तर टायमिंग पुन्हा हलतं. कॅमवर तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस पुरे. प्लगचा गॅप ०.०२५ इंच, टॅपेट इंजिन थंड असताना ०.०१५ इंच.

आता पेट्रोल. या इंजिनात कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकाच बाजूला, एकमेकांना लागून आहेत. गाडी बंद केली की पंख्याची हवा थांबते आणि मॅनिफोल्डची धग सरळ कार्बोरेटरवर येते. त्यात इंजिनावरचा पंप टाकीतून पेट्रोल ओढतो, आणि ओढीच्या बाजूला दाब कमी असल्याने ते तिथे लवकर उकळतं. वाफेने पेट्रोल अडतं, हाच व्हेपर लॉक. कार्बोरेटरखालचा जाड इन्सुलेटर जागेवर आहे ना ते बघा, कारण ओव्हरहॉलमध्ये तो हमखास हरवतो. मध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची आड लावा. पेट्रोलचा पाइप ब्लॉकपासून किमान दोन बोटं लांब वळवा. इलेक्ट्रिक पंप लावायचाच तर टाकीजवळ लावा आणि २ ते ३ पौंड दाबाचाच घ्या. जास्त दाबाचा पंप कार्बोरेटरमध्ये पेट्रोल अडवणाऱ्या फ्लोटच्या सुईला जुमानत नाही, पेट्रोल तापलेल्या एक्झॉस्टवर सांडतं. त्याला वेगळा कट-ऑफ स्विच हवाच.

पेट्रोल पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या रबराला ते सोसत नाही. पाइप आतून चिघळतात आणि काळा चुरा जेटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या बारीक छिद्रात, येतो. सगळे पेट्रोल पाइप बदलून एसएई जे३० आर९ छापलेले घ्या. मेकॅनिकल पंपाचा डायफ्रॅमही इथेनॉल सोसणारा हवा. तो फाटला तर पेट्रोल थेट ऑइलमध्ये जातं, म्हणून डिपस्टिकचा वास घेत जा. इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. प्लग पांढरे दिसले किंवा रेस देताना कार्बोरेटरमध्ये फटका आला, तर सोलेक्स कार्बोरेटरचा मेन जेट पाच अंकांनी मोठा लावून पाहा. सोलेक्सच्या जेटवरचा अंक म्हणजे मिलिमीटरचे शंभरावे भाग.

धुळे-जळगाव रस्त्यावर दुपारी गाडी बंद पडली की सगळे व्हेपर लॉकला दोष देतात. पण तापल्यावर पॉइंटला जोडलेला कंडेन्सरही असाच दगा देतो आणि निवल्यावर पुन्हा चालतो. दोन्हींची लक्षणं सारखी, म्हणून आधी ठिणगी बघा. डिस्ट्रिब्युटरच्या मधली कॉइलची वायर काढा, इन्सुलेशनच्या पक्कडने धरून बिडापासून पाव इंचावर, कार्बोरेटरपासून लांब ठेवा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. निळी, कडक ठिणगी आली तर इग्निशन ठीक. पिवळी, मरगळलेली असेल तर कंडेन्सर बदला. ही तपासणी संपल्यावरच, ठिणगी पडू नये म्हणून कॉइलला स्विचकडून येणारी बारीक वायर काढून, कार्बोरेटरकडचा पाइप सोडून बाटलीत धरा आणि सेल्फ मारायला सांगा. बुडबुड्यांसह पेट्रोल आलं तर लॉक आहे. इंजिनावरच्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाका, बोनेट उघडून वीस मिनिटं थांबा. दोन्ही तपासण्या एकाच वेळी कधीही करू नका, उघडं पेट्रोल आणि ठिणगी यांच्यात अंतर हवं.

चाळीसगावहून कन्नड घाट चढताना दुसऱ्या गिअरवर राहा. इंजिन फिरतं राहिलं की पाण्याचा पंप आणि पंखाही जोरात फिरतो. वर पोचल्यावर लगेच बंद करू नका, मिनिटभर आयडलवर ठेवा. वाफ निघत असेल तर मात्र लगेच बंद करा, अर्धा तास टोपीला हात लावू नका, आणि तापलेल्या ब्लॉकवर थंड पाणी ओतू नका, बीड तडकतं.

ऑइल २०डब्ल्यू-५०. बॅटरीचं पाणी मेमध्ये दर पंधरवड्याला बघा. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला. गाडी पंधरा दिवसांतून एकदा सकाळी सातच्या आत वीसेक किलोमीटर पळवा. दारात पाच मिनिटं चालू ठेवण्याचा उपयोग नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साचतं आणि ऑइल तापत नाही.

कागदांबद्दल एक गोष्ट. २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५,०००. पण त्या नंबरवर रोजचा वापर चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांसाठीच गाडी रस्त्यावर आणता येते. ज्याला बाजारहाटाला गाडी न्यायची आहे त्याने साधी नोंदणीच दर पाच वर्षांनी फिटनेससह वाढवावी.

डिकीत हे असू द्या: कंडेन्सर, पॉइंट सेट, फॅन बेल्ट, रोटर, वरचा-खालचा रेडिएटर होज, क्लिपा, मीटरभर पेट्रोल पाइप, फिलर गेज, फडकं, अग्निशामक आणि दहा लिटर पाणी. कंडेन्सर दोन ठेवा. हल्ली नवे सुटे भागही डब्यातूनच खराब निघतात, म्हणून गाडीत चालवून तपासलेलाच सुटा म्हणून ठेवावा.