गिझर पास, एसी नापास: मंजूर भार वाढवतानाचा माझा अनुभव

नवा एसी बसवला आणि मंजूर भार, म्हणजे घराला एका वेळी किती वॅट वापरायची परवानगी आहे ती मर्यादा, वाढवायला वीज कार्यालयात अर्ज केला. बाकी कागद विनातक्रार घेतले गेले. अडलं ते उपकरणांच्या तक्त्यात. त्यात वॅट आणि अँपिअर दोन्ही भरायचे होते.

वॅटला २३० व्होल्टने भागलं की अँपिअर. गिझर २००० वॅट, म्हणजे ८.७. इस्त्री १००० वॅट, ४.३५. एसीच्या प्लेटवर मात्र १५०० वॅट आणि ७.२ अँपिअर छापलं होतं, तेच मी लिहिलं. खिडकीवरच्या कारकुनाने कॅल्क्युलेटरवर ६.५ काढले आणि तक्ता परत केला. "कंपनीने काही का छापेना, आमच्याकडे भागाकार जुळला पाहिजे."

मला याचा अजूनही संताप येतो. गिझरमध्ये नुसती कॉइल तापते, तिथे भागाकार जुळतो. एसीत कॉम्प्रेसरची मोटर असते, तिचा पॉवर फॅक्टर, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअरमधला खऱ्या वॅटचा वाटा, एकापेक्षा कमी. २३० गुणिले ७.२ म्हणजे १६५६, त्यातले खरे वॅट १५००, म्हणून पॉवर फॅक्टर ०.९. वायर आणि एमसीबी (जास्त प्रवाह झाला की आपोआप पडणारा स्विच) ठरतात अँपिअरवरून, मग ६.५ मी का लिहू? दर खेपेला तेच उत्तर, तीच रांग.

शेवटी पुरावाच गोळा केला. वायरमनने क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून अँपिअर मोजणारा) लावला: ७.२. मग घरातलं बाकी सगळं बंद करून, कॉम्प्रेसर जोरात चालू असताना वीजमीटरच्या लाल दिव्याची लुकलुक मोजली. माझ्या मीटरवर एका युनिटला (१००० वॅट, एक तास) ३२०० लुकलुकी असं छापलंय, मिनिटात ८० झाल्या. म्हणजे बरोबर १५०० वॅट! दोन्ही आकडे खरे. आतल्या अभियंत्या मॅडमनी प्लेटचा फोटो बघितला, "बरोबर आहे, भार वॅटमध्येच धरतात," म्हणाल्या आणि सही केली. केवढं हायसं वाटलं.

फोटो पहिल्याच दिवशी न्या. प्लेट बहुतेक बाहेरच्या युनिटवर असते, एसी भिंतीवर चढण्याआधीच काढून ठेवा.

याच हिशोबात इन्व्हर्टरही समजला. बॅटरीवरचे १५० अँपिअर-तास म्हणजे साठवलेला विद्युतप्रभार, ५,४०,००० कूलोम. १२ व्होल्टवर २०० वॅट चालवले तर सुमारे १७ अँपिअर ओढले जातात, कागदावर नऊ तास निघतात. पण इन्व्हर्टरमध्येही वीज वाया जाते आणि बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते, त्यामुळे दुकानदाराने नऊ तास सांगितले तरी पाच-सहाच धरा.