खर्चीवर जगणारा माणूस आणि टाळेबंदी

२४ मार्च २०२० ला रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली आणि बारापासून लागू झाली. मजुरांना जेमतेम चार तास मिळाले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण चार दिवस मिळाले असते तरी बांधकामावरचा माणूस अडकलाच असता. प्रवासी गाड्या आधीच थांबल्या होत्या आणि त्याची कमाई त्याच्या हातात नव्हती.

ती मुकादमाच्या वहीत होती. बिहार-बंगालहून आलेल्या मजुराला दर आठवड्याला मिळते ती फक्त खर्ची, म्हणजे पोटापुरते पैसे. बाकीचा हिशेब गावी जाताना. समजा, रोज ५०० रुपये हजेरी आणि महिन्याला २६ दिवस काम, तर झाले १३,०००. त्यातली चार आठवड्यांची ४,००० खर्ची पोटात गेली. राहिलेले ९,००० वहीत, त्यातून उचल वजा होईल ती वेगळीच. त्यात १० मार्चला होळी झालेली. सणाला घरी गेलेले लोक हात रिकामे करून नुकतेच परतले होते. साइट बंद पडली आणि मुकादमाचा फोनही.

२९ मार्चला केंद्रीय गृहमंत्रालयाने आदेश काढला की मालकांनी पगार कापू नये आणि घरमालकांनी महिनाभर भाडं मागू नये. हेतू चांगला होता, पण तक्रार कोणाविरुद्ध करायची? बिल्डर काम देतो ठेकेदाराला, ठेकेदार पोटठेकेदाराला, तो मुकादमाला. मजुराला माहीत असतो तो या साखळीतला शेवटचा माणूस, तोही टोपणनावाने आणि एका मोबाइल नंबराने. बिल्डरच्या मस्टरवर नाव नाही, खात्यात पगार जमा झाल्याची नोंद नाही. पुराव्याअभावी हक्काचा पैसा बुडाला आणि १८ मेपासून तो आदेशच मागे घेतला गेला.

धान्याचंही तेच. माणशी ५ किलो मोफत धान्य रेशनकार्डावर होतं आणि कार्ड गावच्या घरी. उत्तर प्रदेश आणि बिहार दुसऱ्या राज्यात धान्य उचलण्याच्या व्यवस्थेत आले ते थेट १ मे रोजी. त्यातही गावी बायकोने कार्डावरचं सगळं धान्य घेतलं असेल, तर इथे नवऱ्याच्या वाट्याला काही उरत नाही. बिनकार्डाच्या मजुरांसाठी धान्य जाहीर झालं १४ मेला, म्हणजे पन्नास दिवसांनी. आणि धान्य मिळालं तरी ते शिजवायचं कशावर? खोलीतला छोटा सिलिंडर किलोच्या भावाने भरून आणावा लागतो आणि ती दुकानं बंद होती. म्हणून अशा खोल्यांमध्ये कोरड्या शिध्यापेक्षा शिजलेलं अन्न जास्त उपयोगी पडलं.

मजुरांना गावी नेणाऱ्या श्रमिक गाड्या १ मेपासून सुटल्या. महाराष्ट्रात त्यासाठी पोलिस ठाण्यात गटाचा अर्ज, सगळ्यांचे आधार क्रमांक आणि सुरुवातीला डॉक्टरचा दाखला लागायचा. एवढं करून गाडी कधी, हे कळत नसे. त्या वाट पाहण्यात खोलीचं भाडं चढत होतं. लोक चालत का निघाले, असं विचारणाऱ्यांनी हा हिशेब मांडून पाहावा. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले, ते जालन्याहून भुसावळकडे गाडी मिळेल या आशेनेच निघाले होते.

यातलं बरंच टाळता आलं असतं, आणि तेही जुन्याच कायद्याने. तेव्हा लागू असलेला १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा पाच किंवा अधिक मजूर आणणाऱ्या ठेकेदाराला परवाना सक्तीचा करत होता. प्रत्येक मजुराला फोटो लावलेलं पासबुक द्यायचं, त्यात मजुरी आणि कपात लिहायची. ठेकेदाराने पैसे बुडवले तर ते मूळ मालकाने भरायचे. ते पासबुक हातात असतं, तर वहीतले ९,००० कोणाकडे मागायचे हे मजुराला दाखवता आलं असतं. सप्टेंबर २०२० मध्ये, म्हणजे हे सगळं डोळ्यांदेखत घडल्यानंतर, संसदेने या कायद्याची जागा घेणारी नवी कामगार संहिता मंजूर केली. तिने पाचाची मर्यादा दहावर नेली.