दारामागच्या तारखा

शुक्रवार, १६ जानेवारी

उत्तरायणाचे, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांचे, दोन दिवस दांडिया बाजारात कसे जातात ते बडोद्याच्या माणसाला सांगायला नको. गच्चीगच्चीवर स्पीकर, खाली उंधियू-जलेबीला रांगा. काल वासी उत्तरायणाच्या, म्हणजे दुसऱ्या दिवसाच्या, सकाळी आमच्या वाड्यातल्या पिंपळात मांज्यात गुंतलेली घार दिसली. जखमी पक्षी वाचवणाऱ्या करुणा अभियानातली दोन मुलं शिडी घेऊन आली आणि खोक्यात घालून तिला घेऊन गेली. पण पंख खांद्यापाशी कापला गेला होता, तो मी जवळून पाहिला. रात्री झोप लागेना. पहाटे सासूबाईंना म्हटलं, "आई, वढवाण्याला जाऊ या का दोन दिवस?"

"महाराजांच्या तळ्यावर?" त्या लगेच उठून बसल्या.

आईंच्या आजेसासऱ्यांनी गायकवाडी नोकरीत हयात घालवली, त्यामुळे आईंच्या लेखी आजव्याचं तळं महाराजांचं, कमाटी बाग महाराजांची, आणि वढवाणाही महाराजांचंच. तेही खरंच आहे. १९०९-१० साली सयाजीरावांच्या कारकिर्दीत हे तळं बांधलं ते आसपासच्या शेतांना पाणी मिळावं म्हणून. ओरसंग नदीचं पाणी जोजव्याच्या बंधाऱ्यावरून कालव्याने इथे येतं. पक्षी आपले आपण आले, आणि इतके आले की २०२१ साली तळं रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं.

घरापासून पन्नासएक किलोमीटर. डभोई आली तशी आईंना छोटी गाडी आठवली. या भागात १८६२ साली रूळ टाकले तेव्हा सुरुवातीला डबे बैल ओढायचे, हे त्यांना सासऱ्यांनी सांगितलेलं, ते त्यांनी मला सांगितलं, चौथ्यांदा. डभोई मागे पडली की कापूस, तूर, एरंड. मग रस्ता अरुंद होतो आणि फोनची रेंज जाते.

उतरलो ते एका शेतकऱ्याच्या घरी. खाली ओसरी, झोपाळा, म्हशी. वर पाहुण्यांसाठी बांधलेल्या तीन खोल्या. घरात बा, त्यांचा मुलगा (त्याला सगळे मोटाभाई म्हणतात), भाभी, आणि दहावीतला नातू. अंघोळीचं पाणी बंबात तापतं. खिडकी उघडली की गव्हाची हिरवी पट्टी, पुढे पाळ आणि पाळीपलीकडे पाणी. बडोद्यातल्या सुरसागर तळ्याला लहानपणापासून चारी बाजूंनी भिंत पाहिलेली मी, इथे पाणी कुठे संपतं आणि चिखल कुठे सुरू होतो तेच कळेना. किती वेळ उभी होते कोण जाणे.

खोलीच्या दारामागे पेन्सिलीने लिहिलेल्या गुजराती तारखा आहेत. दोन रांगा, वर 'पाणी' आणि 'हंस'. जुन्या ओळी इतक्या पुसट की मोबाइलचा उजेड तिरपा धरावा लागला. बांच्या यजमानांचं अक्षर, असं भाभींनी सांगितलं. कालव्याला पाणी सुटलं तो दिवस एका रांगेत, हंसांचा पहिला थवा उतरला तो दुसऱ्या. हे दार खालच्या जुन्या घराचं होतं. खोल्या बांधताना सुताराने नवं करू म्हटलं, बांनी करू दिलं नाही.

शनिवार, १७ जानेवारी

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी जाग आली. आधी वाटलं, लांब कुठे भजन चाललंय. मग आवाज घराच्या अगदी वर आला. नाकातून काढल्यासारखा जाड, अनेकांचा एकदम. आईही जाग्या होत्या. "हंस गं," त्या हळूच म्हणाल्या, अंधारात हात जोडले असावेत, कारण बांगड्या वाजल्या.

शाल घेऊन खाली आले. उद्याची अमावास्या, आकाश तुडुंब भरलेलं, मृग पश्चिमेकडे कललेला. ओसरीत मोटाभाई चपला घालत होते. एका हातात बॅटरी, दुसऱ्यात स्टीलची थाळी. म्हणाले, "आवो बेन, पण बोलशो नहीं." मी मागे मागे गेले.

मला वाटलं, सरळ समोरच्या बांधावर जाऊन थाळी बडवतील. ते शेताला वळसा घालून पार पलीकडे गेले. तिथून विजेच्या तारा जातात. तारांकडे पाठ करून उभे राहिले, दोनदा खाकरले, आणि बोटाच्या पेराने थाळीवर हलकेच टकटक केली. थांबले. पुन्हा टकटक. गव्हात काळे ठिपके सरकायला लागले, माना वर झाल्या, आणि मग एकदम मोठी चादर झटकावी तसा वारा अंगावर आला. सगळा थवा तळ्याकडे गेला.

"जोरथी वगाडुं तो आंधळा थईने तारमां भराय," ते म्हणाले. मोठ्याने वाजवलं तर भेदरून तारांत घुसतात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्याच हातून असं झालं होतं, एका रात्रीत तीन मेले. तेव्हापासून ते तारांच्या बाजूने येतात. थाळी हळू वाजवली की हंस शेतात जास्त वेळ टिकतात, तेवढा गहू जास्त जातो. हेही त्यांनीच सांगितलं, टॉर्च खिशात घालता घालता.

मला पिंपळातली घार आठवली आणि बोलायला काही सुचेना.

सकाळी उजेडात शेत पाहिलं. पात्यांची टोकं कात्रीने छाटल्यासारखी सरळ कापलेली, मध्ये मध्ये हिरवट विष्ठा. नुसती पात खाल्ली तर गहू परत फुटतो. ओल्या जमिनीत रोपच उपटून आलं की मात्र ते गेलं, आणि पाण्याजवळच्या पट्टीत तेच जास्त होतं. दिवसा हेच हंस मधल्या उथळ पाण्यात झोपलेले असतात, डोक्यामागे दोन काळे पट्टे. मराठीत पट्टकादंब. इथे राजहंस म्हणतात. नातू गणिताची वही मांडीवर घेऊन मला माहिती देत होता: तिबेट, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात, सात हजार मीटरांच्याही वर उडताना नोंद झालीय, त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही प्राणवायू धरून ठेवतं. तेवढ्या उंचीवरून सुखरूप आलेला पक्षी शेतावरच्या तारेला आपटून मरतो, हे मला दिवसभर सोसलं नाही.

आई आणि बा मात्र झोपाळ्यावर रमल्या. आईंची गुजराती सत्तावन्न वर्षांच्या संसारातली, बांना मराठी येत नाही, पण एकीचं दुसरीला अडलं नाही. काठाला काळे पक्षी पोहत होते, कपाळावर पांढरा टिळा. मी म्हटलं, "आई, यांना आपल्याकडे वारकरी म्हणतात."

आईंनी ते बांना समजावलं. विठोबा, पंढरपूर, गोपीचंदन, सगळं. बा ऐकून म्हणाल्या, "अमे तो एने भगतडुं कहीए."

भगत आणि वारकरी! दोघी किती वेळ त्या पाखरांकडे बघत होत्या. एक पाखरू उडायच्या आधी पाण्यावरून पाय आपटत लांबवर धावत गेलं, तर आई म्हणाल्या, "बघ, रिंगणात धावतोय."

दुपारी आम्ही आणलेल्या गुळाच्या पोळ्या निघाल्या. बांनी एक मोडून आतला गूळ बोटाने चाचपला. बेसन भाजून घातलंय हे लगेच ओळखलं, खसखस ओळखली, तिळाचा कूट ओळखला. जायफळावर अडल्या. त्यांच्याकडून बाजरीचा रोटला, वांग्याचं भरीत, तुरीच्या ओल्या दाण्यांची भाजी, ताकाची कढी. भाभी चुलीपाशी एकीकडे रोटले थापत होत्या आणि दुसरीकडे आमच्या चादरी वाळल्या का ते बघून येत होत्या. मी ताटं उचलायला गेले तर ओशाळल्या. मग दोघींनी मिळून उचलली.

रविवार, १८ जानेवारी

निघताना हिशेब झाला. मला राहवलं नाही. विचारलं, "भाभी, हंसांनी खाल्लेल्या गव्हाचं काय?"

त्यांनी खोल्यांकडे बोट केलं. घर जिथे वाढवलंय ती पाण्याजवळची पट्टीच होती. पेरलं तरी धड पीक हाती येईना, म्हणून सासऱ्यांच्या पश्चात तिथे तीन खोल्या चढवल्या. पाहुणे हंस बघायला येतात, त्या भाड्यातून दरवर्षीचं बियाणं निघतं. कुणाची तक्रार केल्यासारखं त्या बोलल्या नाहीत. पण मी इतकी वर्षं दुर्बीण घेऊन आजव्याला, वढवाण्याला येते, आणि हे रात्री जेवतात कुणाच्या शेतात हे एकदाही मनात आलं नव्हतं. याची मला फार लाज वाटली. तसं मी त्यांना सांगितलं. भाभी म्हणाल्या, "तमे पूछ्युं ने, बेन," आणि पिशवीत तुरीच्या शेंगा भरायला लागल्या.

दारामागे तिसरी रांग भाभींनी सुरू केलीय, पाहुण्यांची. पेन्सिल त्यांनी आईंच्या हातात दिली. आईंनी चष्मा लावला, भिंतीला हात टेकून तारीख घातली आणि त्या सगळ्या गुजराती अक्षरांत मराठीत आमची नावं लिहिली. रेघ थोडी तिरकी गेली.

सोमवार, १९ जानेवारी

बँकेतून आल्यावर शेजारच्या मुलाला हाताशी घेतलं आणि पिंपळातला मांजा काढला. त्याच्या बोटाला कापू नये म्हणून आईंनी जुना मोजा दिला. दोन मुठी निघाला. वरच्या फांदीला अजून आहे, ती काठी पुरत नाही. उद्या रंगाऱ्याकडून लांब बांबू आणायचा.